जसे आहे जेथे आहे

प्रोग्रामर मंडळींना एखादी वस्तू फुकट द्यायची झाली तरी आधी कागद करावा लागतो. विकायची असेल तर कागद हवाच. बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य घालवलेल्या बाईला ते सांगायला नको. पण ज्याच्यावर एक पै मिळणार नाही, मिळावी अशी इच्छाही नाही, अशा चाळीसेक ओळींच्या प्रोग्रामच्या अटींवरून चार शिकलीसवरलेली माणसं समोरचे पोहे गार होईपर्यंत हमरीतुमरीवर येतात, हे मी बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

चौघांतला एक माझा भाचा. नोकरीला हिंजवडीत आणि मुक्कामाला कोथरूडला माझ्याकडे. शनिवारी संध्याकाळी बाकीचे येतात. एक नागपूरकर, एक सांगलीकर आणि एक नाशिकची मुलगी, जिला सगळे नुसतं ‘नाशिक’ म्हणतात. त्यांच्या बोलण्यात राजकारण नसतं, क्रिकेट आयपीएलपुरतं असतं आणि लग्नाचा विषय मी काढला तरच निघतो. बाकी विषय तीन. लायसन्स, वेबसाइट बांधायची अवजारं आणि तळहातावर मावणारे छोटे कॉम्प्युटर. सुरुवातीला मी त्यांना पोहे देऊन आत सिरियल लावून बसत असे. मग लक्षात आलं, की बाहेरचं भांडण जास्त रंगतं आणि त्यात जाहिराती नसतात.

भांडण मुख्यतः दोन लायसन्सचं. एक एमआयटी, एक जीपीएल. कोथरूडमध्ये एमआयटी म्हटलं की पौड रस्त्यावरचं कॉलेज. या मुलांचं एमआयटी अमेरिकेतलं, मॅसॅच्युसेट्सचं. भाचा आणि सांगलीकर एमआयटीच्या बाजूचे, नागपूरकर एकटा जीपीएलचा, पण तो एकटा दोघांना भारी. एका शनिवारी मी भाच्याला म्हटलं, “मला दोन्ही कागद छापून दे.”

“कुठले कागद?”

“ज्यावरून भांडताय ते.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, की मोठा कागद त्याने पूर्ण असा कधी वाचलेला नाही. नागपूरकराकडे पाहिलं तर तो छताकडे पाहत होता. ज्या कागदासाठी हा मुलगा मैत्री तोडायला तयार, तो त्यानेही अर्ध्यावर सोडलेला. मला यात नवल वाटलं नाही. घराचं कर्ज घेणारा माणूस वीस वर्षांचा हप्ता बांधून घेतो, आणि सही कुठे करायची एवढंच विचारतो.

मी वाचले. एमआयटीचा कागद पानभरात संपतो, दीडपावणेदोनशे शब्द. सॉफ्टवेअर घ्या, वापरा, बदला, विका. मूळ लेखकाचं नाव आणि हा कागद तेवढा सोबत ठेवा. शेवटचा परिच्छेद मात्र ठसठशीत मोठ्या अक्षरांत. वस्तू आहे तशी दिली आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर आमच्या दारात येऊ नका. इथे मी सावरून बसले, कारण ही भाषा माझी. थकीत कर्जदाराचा फ्लॅट जप्त करून विकायला काढला, की आम्ही वर्तमानपत्रात लिलावाची नोटीस देत असू. तिच्यात हेच असे: ‘जसे आहे जेथे आहे तत्त्वावर’. छत गळत असेल, मेन्टेनन्स थकला असेल, आत कोणाचा चुलता ठाण मांडून बसला असेल, तर ते घेणाऱ्याचं नशीब.

जीपीएलचा कागद दांडगा. हल्लीची तिसरी आवृत्ती २००७ ची, पाच हजारांवर शब्द. मोकळीक तीच, पण एका अटीवर. तुम्ही त्यात भर घालून ते पुढे कोणाला दिलंत, तर तुमची भरसुद्धा याच अटींवर, सोर्स कोडसकट द्यायची.

“अरे, हे तर देवस्थान इनाम!” मी म्हटलं. चौघांचे चेहरे कोरे. मग मला समजावून सांगावं लागलं. देवाच्या नावाने दिलेली जमीन. पुजारी ती कसतो, पीक खातो, त्याची नातवंडं खातात, पण जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कारण सातबाऱ्यावर नाव देवाचं. असल्या जमिनीवर कर्ज मागायला लोक यायचे आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवायची. एमआयटी म्हणजे साधं बक्षीसपत्र. दिलं, विषय संपला, पुढे घेणारा आणि त्याचं नशीब.

“पण मावशी, जीपीएलमध्ये विकायले मनाई नाही,” नागपूरकर म्हणाला. “पैसे घ्या ना बाप्पा, कोण नाही म्हणते? कोंडून ठेवायले मनाई आहे.”

म्हणजे पुजाऱ्याने दक्षिणा घ्यायला हरकत नाही. मला ते पटलं. आणि सगळ्यात आवडलं ते त्या कागदाच्या अगदी माथ्यावर आहे. या कागदाच्या नकला कोणीही काढाव्यात, वाटाव्यात. बदल मात्र करायचा नाही. जगातला कोड बदलायचा हक्क मिळवून देणारा कागद स्वतःच्या अंगाला कोणाला हात लावू देत नाही. हे लिहिणारा माणूस आमच्या विधी विभागात असता तर मार्चअखेरीस मी निवांत झोपले असते.

तो माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन, आणि त्याच्या उठाठेवीचं मूळ एका प्रिंटरमध्ये. १९८० च्या सुमारास तो अमेरिकेतल्या त्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत होता. तिथे झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरला स्टॉलमनने सोय करून ठेवली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप यावा. नव्यातही तेच करायला गेला तर प्रोग्राम बंदिस्त. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे त्याचा सोर्स कोड होता. त्याने सांगितलं, मी न देण्याचा करार केला आहे. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली. आमच्या शाखेतल्या प्रिंटरमध्येही सारखा कागद अडके. आम्ही शिपायाला हाक मारत असू. चळवळ कोणाला सुचली नाही.

नागपूरकराची लाडकी गोष्ट मात्र राउटरची. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा निळाकाळा राउटर २००३ मध्ये लोकांनी धुंडाळला, तर आत लिनक्स निघालं. लिनक्स जीपीएलखालचं. मग त्यात केलेल्या बदलांचा कोड ग्राहकांना द्यायलाच हवा. मागण्या झाल्या, कोड बाहेर आला, आणि त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज नाना कंपन्यांच्या राउटरवर चालतं. “म्हणजे कोपऱ्यात लुकलुकणारा डबाबी कॉम्प्युटरच आहे मावशी, अन् त्याच्यावर तुमचा हक्क आहे, हे या कागदानं दाखवून देलं.” हे सांगताना त्याच्या आवाजात पोवाड्याचा दम येतो. सांगलीकर त्यावर शांतपणे म्हणतो, “दिलं म्हंजे दिलं. दिल्यावर मागं वळून बघायचं न्हाई, एवढंच मला कळतंय.” (द्राक्षाचे क्रेट नेऊन परत न केलेल्या शेजाऱ्याची कथा मात्र तो दर हंगामात सांगतो.)

नाशिक या भांडणात कोणाचीच बाजू घेत नाही. तिला विचित्र लायसन्स गोळा करायचा नाद आहे. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग कॅम्पचं बिअरवेअर तिनेच मला सांगितलं. कोड घ्या, काहीही करा. पुढेमागे आपली गाठ पडली आणि कोड कामाचा होता असं वाटलं, तर मला एक बिअर पाजा. आमच्या घरी याचं चहात रूपांतर झालं आहे आणि वसुली चोख आहे.

डग्लस क्रॉकफर्डची गोष्ट त्याहून भारी. जेसन ही माहितीची देवाणघेवाण करायची पद्धत ज्याने रुळवली, तोच हा. त्याने आपल्या प्रोग्रामच्या लायसन्समध्ये, एमआयटीच्याच कागदात, एक ओळ घुसडली. हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी वापरू नये. आजीने सांगावं इतकं साधं. पण वकिलांची झोप उडाली. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, ठरवायचं कोणी? डेबियन ही लिनक्सची आवृत्ती सांभाळणारे म्हणाले, वापरावर बंधन आलं, आता हे मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. एका कंपनीच्या वकिलांनी तर रीतसर विचारणा केली. क्रॉकफर्डने ते एका भाषणात सांगितलं आहे; कंपनीचं नाव घेऊन तिला लाजवायचं नाही म्हणून फक्त आद्याक्षरं सांगतो म्हणाला, आय, बी आणि एम. मग त्याने त्या कंपनीला, तिच्या ग्राहकांना, भागीदारांना आणि हस्तकांना ते वाईट कामासाठी वापरायची परवानगी लिहून देऊन टाकली.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. आमच्या अर्जातही ‘कर्जाचा विनियोग’ असा रकाना असे. म्हशीसाठी घेतलेल्या कर्जात बहिणीचं लग्न उरकायचं आणि आम्ही तपासणीला गेलो की शेजाऱ्याची म्हैस गोठ्यात उभी असायची. एकच म्हैस मी तीन वेगवेगळ्या गोठ्यांत पाहिली आहे. शेवटी तीही मला ओळखू लागली.

पण माझं मन बसलं ते एसक्यूलाइटवर. तुमच्या फोनमध्ये, अँड्रॉइड असो की आयफोन, निरोप, संपर्क, फोटोंच्या नोंदी ज्यात ठेवलेल्या असतात तो हा डेटाबेस. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तो लिहिला आणि त्यावरचा हक्कच सोडून दिला. लायसन्स नाही. कोडच्या फाइलीत, जिथे कायद्याचा मजकूर असायचा, तिथे आशीर्वाद आहे: चांगलं वागावं, क्षमा करावी, द्यावं त्याहून जास्त घेऊ नये, अशा अर्थाचा. फार गोड. मला मात्र पुढचं ऐकून बरं वाटलं. कोडला ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्या प्रत्येकाकडून आणि त्यांच्या कंपन्यांकडून ‘आमचा यावर काही हक्क नाही’ अशी सही केलेली प्रतिज्ञापत्रं घेतली आहेत, आणि त्यांच्या मूळ प्रती हिप यांच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात आगीपासून सुरक्षित तिजोरीत ठेवल्या आहेत. आशीर्वाद दर्शनी भागात, प्रतिज्ञापत्रं तिजोरीत! माणसाला व्यवहार कळतो. कोणी अनोळखी माणूस उत्साहाने सुधारणा पाठवू लागला तर तीही ते सहजी घेत नाहीत, आधी कागद. आणि काही देशांच्या कायद्यात असा हक्क सोडता येतो की नाही याचीच शंका असल्यामुळे ज्या कंपन्यांच्या वकिलांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हीच कंपनी पैसे घेऊन मालकीहक्काची हमी देणारा कागद विकते. वस्तू फुकट, ती फुकट असल्याचा दाखला विकत. इतकी वर्षं कर्ज विभागात होतो, आमच्यापैकी एकालाही हे सुचू नये!

अवजारांचं दुखणं वेगळं. सांगलीकर ग्रंट शिकला तोवर गल्प आलं, गल्पवर हात बसला तोवर वेबपॅक, आता सगळे वीटवर गेले आहेत. काम तेच: विखुरलेल्या फायली गोळा करून ब्राउझरला झेपतील अशा बांधून द्यायच्या. भाच्याची तक्रार अशी, की वर्षभर बाजूला ठेवलेला प्रकल्प उघडला की कोड जिथल्या तिथे असतो, पण त्याला उठवणारी अवजारंच उठत नाहीत. एवढंसं पान बनवायला शेकड्यांनी परक्यांची पॅकेजं ‘नोड मॉड्यूल्स’ नावाच्या फोल्डरात येऊन पडतात. ज्या नोडवर ही अवजारं चालतात त्याचा जनक रायन डाल याने २०१८ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत आपल्याला कशाकशाचा पश्चात्ताप होतो याचा पाढाच वाचला. त्यात या फोल्डराचाही नंबर होता.

एकदा भाचा माझ्यासमोर नवा प्रकल्प सुरू करत होता. त्याने ‘एनपीएम इनिट’ असं टंकलं आणि काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न येऊ लागला. नाव काय, आवृत्ती कोणती, वर्णन काय, लेखक कोण. हा न वाचता एंटर मारतोय. एंटर, एंटर, एंटर. मग आलं ‘लायसन्स’ आणि पुढे कंसात ‘आयएससी’. एंटर.

“थांब,” मी म्हटलं. “आत्ता काय देऊन टाकलंस तू?”

“काही नाही गं मावशी, ते आपोआप असतं.”

आयएससी म्हणजे एमआयटीचाच धाकटा भाऊ; अजून आखूड. आदल्या शनिवारी जीपीएल की एमआयटी यावरून ज्याने नागपूरकराशी अबोला धरला होता, त्याने स्वतःच्या कोडचं बक्षीसपत्र एका एंटरमध्ये करून दिलं. साक्षीदार मी एकटी.

या अवजारांच्या जगातली लेफ्टपॅडची गोष्ट ही मंडळी घरातल्या थोरल्यांनी भूकंपाची सांगावी तशी सांगतात. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने अकरा ओळी लिहून एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात ठेवल्या होत्या. काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा भरून तो ठरावीक लांबीचा करायचा. मार्च २०१६ मध्ये त्याच्या दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला, एनपीएमने ते नाव कंपनीला दिलं, आणि हा पठ्ठ्या चिडून आपली सगळी पॅकेजं घेऊन निघून गेला. त्यात त्या अकरा ओळीही गेल्या. त्यांच्यावर दुसरं काही उभं होतं, त्याच्यावर तिसरं. जगभरातल्या कंपन्यांची कामं धडाधड बंद पडू लागली. एनपीएमने काही तासांत ते पॅकेज त्याला न विचारता परत ठेवलं. तसं करायला कायद्याची आडकाठी नव्हती, कारण त्याने ज्या लायसन्सखाली कोड दिला होता त्यात ‘वाट्टेल ते करा’ याहून जास्त काही नाहीच. (त्या लायसन्सचं पूर्ण इंग्रजी नाव या वयात माझ्या तोंडी शोभणार नाही. नाशिकने मला ते चिठ्ठीवर लिहून दाखवलं आणि चिठ्ठी परत घेतली.)

“बघा की,” सांगलीकर म्हणतो, “दिलं म्हंजे दिलं. देणाऱ्यालासुदीक परत नेता आलं न्हाई.” आणि विजयी मुद्रेने आणखी पोहे मागतो.

“पण त्याले काय भेटलं बे?” नागपूरकर विचारतो.

याला सांगलीकराकडे उत्तर नसतं. मग नाशिक डेनिस पुश्करेव्हची आठवण काढते. कोअरजेएस नावाचं त्याचं पॅकेज जगातल्या मोठमोठ्या वेबसाइटच्या पोटात आहे. ते बसवताना पडद्यावर एक निरोप यायचा: जमल्यास मदत करा, आणि हो, लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. लोक चिडले. फुकट कोड घेताना मध्ये ही जाहिरात कशाला, म्हणाले. हे ऐकल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही. मी चहा टाकते.

ऐकता ऐकता मला वाटू लागलं, की यांचे विषय तीन नाहीतच. माझ्या टेबलावर कुठलीही फाइल आली की पहिला प्रश्न असे, हे आहे कोणाचं? या मुलांना तोच प्रश्न छळतोय. दिवसभर लिहितात तो कोड कंपनीचा. लॅपटॉप कंपनीचा. अवजारं परक्यांची, आणि ते परके कधी अटी बदलतील नेम नाही. २०२३ मध्ये टेराफॉर्म या अवजाराने बदलल्या, २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने. दिलेली जुनी आवृत्ती मात्र परत घेता येत नाही, म्हणून लोकांनी ती उचलून वेगळी चूल मांडली, ओपनटोफू आणि व्हॅल्की या नावांनी. रेडिसने वर्षभराने पुन्हा एक खुलं लायसन्स जवळ केलं. हा प्रश्न जुनाच. आमच्या शाखेशेजारच्या डीटीपीवाल्याकडे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर होतं. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे एक लॉक लावावं लागे, काडेपेटीएवढं. रात्री दुकान बंद करताना तो कॉम्प्युटर तिथेच ठेवी आणि लॉक शर्टाच्या खिशात घालून घरी नेई. आता आमच्या सोसायटीची नोटीस मुक्त नावाच्या फॉन्टमध्ये निघते. मुंबईच्या एक टाइप मंडळींनी तो केला आणि खुल्या लायसन्सखाली देऊन टाकला. त्यात पुस्तक छापा, पाटी रंगवा, विका, फक्त नुसता फॉन्ट सुटा करून विकायचा नाही. मागे काही लावावं लागत नाही. खिसे मोकळे.

तर, काहीतरी निखालस आपलं असावं म्हणून ही मंडळी छोटे कॉम्प्युटर घेतात. भाच्याच्या टेबलाचा खालचा खण त्यांनी भरला आहे. रास्पबेरी पायच्या हिरव्या पाट्या, कुठल्याच फोनला न बसणाऱ्या वायरी, एक इवलासा पंखा. हा पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. असला मुहूर्त धरायला धैर्य लागतं. वाढदिवस चार वर्षांतून एकदा. किंमत ३५ डॉलर, आकार एटीएम कार्डाएवढा, आणि त्या सकाळी मागणीने दोन्ही विक्रेत्यांच्या वेबसाइट आडव्या झाल्या. केंब्रिजच्या एबेन अप्टनचा हेतू असा, की शाळकरी मुलांनी त्यावर प्रोग्रामिंग शिकावं. मुलांच्या बापांनी मुलांना हात लावू दिला की नाही, कोण जाणे. २०१५ मध्ये पाच डॉलरचा पाय झिरो निघाला, तो मॅगपाय मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून अंकाबरोबर फुकट दिला. मला दिवाळी अंकाबरोबर आजवर राशिभविष्याच्या पुस्तिकेपलीकडे काही मिळालेलं नाही.

नागपूरकर इथेही समाधानी नाही. पाय सुरू होतो तो ब्रॉडकॉमच्या बंदिस्त फर्मवेअरवर, त्याचा सोर्स कोड मिळत नाही, म्हणून तो पाय पूर्णपणे आपला नव्हे, असं त्याचं म्हणणं. मग मी त्याला सिम्प्युटरची गोष्ट सांगितली, आणि पहिल्यांदाच त्याला ठाऊक नसलेलं काही मला ठाऊक निघालं. २००१ च्या सुमाराला वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि तिथल्याच एन्कोर कंपनीच्या अभियंत्यांनी मिळून तो हातात धरायचा कॉम्प्युटर केला होता. नऊ हजारांच्या आसपास किंमत ठेवायची, आपल्या भाषांत बोलायचा, आणि स्मार्ट कार्ड घातलं की एकच यंत्र गावातल्या अनेकांना आपापलं म्हणून वापरता यायचं. नाशिकने फोनवर शोधलं तर त्याच्या हार्डवेअरचं लायसन्सही जीपीएलच्या धर्तीवर बेतलेलं निघालं. नागपूरकर खुर्चीवरून उठलाच. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने तो अमिडा या नावाने बाजारात आला, पण फारसा खपला नाही. अटी उत्तम, गिऱ्हाईक नाही. अशा फायली माझ्या हाताखालून पुष्कळ गेल्या आहेत.

खणातल्या एका पायचं नशीब मात्र उघडलं. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायची. वॉचमन मोटर लावायचा आणि शेडच्या पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज आला की बंद करायचा, हीच पद्धत. पोरांनी टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर बसवला, समोर दोन गोल जाळ्या असलेला. एका जाळीतून ऐकू न येणारा आवाज पाण्यावर सोडायचा, दुसरीने परतलेला पकडायचा. मध्ये गेलेल्या वेळावरून पाणी किती खाली ते कळतं. सेन्सर पाच व्होल्टने उत्तर देतो आणि पायला सोसतात ३.३, म्हणून सांगलीकराने गच्चीवर मांडी ठोकून मध्ये दोन रेझिस्टर सोल्डर केले. टाकीतल्या दमटपणाने पहिला सेन्सर गंजला. मग वॉटरप्रूफ आणला. पाणी वर आलं की पाय मोटर बंद करतो आणि भाच्याच्या फोनवर निरोप येतो. चाळीसेक ओळींचा प्रोग्राम तो हाच.

सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक ७ म्हणून तो आला. आमचे सेक्रेटरी वीज खात्यातून निवृत्त. त्यांचा पहिला प्रश्न, “मोटर जळाली तर कोण भरून देणार?”

“काका, कसलीही हमी नाही असं लायसन्समध्ये लिहिलंय,” भाचा म्हणाला.

“कोणी लिहिलंय?”

“मीच.”

सभा हसली. सेक्रेटरी हसले नाहीत. मी उठून सांगितलं, की हे लिलावासारखं आहे, जसे आहे जेथे आहे तत्त्वावर. हे त्यांना ताबडतोब कळलं. त्यांच्या मेहुण्याने असाच एक गाळा घेतला होता आणि अजून कोर्टात जातोय. एवढ्यात कोणीतरी म्हणालं, शेजारच्या सोसायटीलाही हे यंत्र हवंय.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. “नेऊ देत. पैसे नकोत. पण त्यांनी त्यात काही सुधारणा केली, तर ती आपल्याला सांगितली पाहिजे. आणि त्यांच्याकडून तिसऱ्या सोसायटीने नेलं, तर तिलाही हीच अट.”

मागे पाहुणा म्हणून बसलेला नागपूरकर ताडकन उभा राहिला. “काका, तुम्ही तर जीपीएल बोलून राहिले!”

“मी विषय क्रमांक सात बोलतोय. तुम्ही सभासद आहात का?”

“काटेकोर बघितलं तर,” नाशिक हळू आवाजात म्हणाली, “मूळ मालकाला कळवायची सक्ती जीपीएलमध्ये नाही. ज्याला देतो त्याला कोड द्यायचा असतो.” तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण सेक्रेटरींची दुसरी अट आली होती.

“आणि बिल्डरला मात्र हे द्यायचं नाही.”

सभेत टाळ्या पडल्या. आमचं कन्व्हेयन्स अजून व्हायचं आहे. इमारत आमची, जमीन कागदावर बिल्डरची. नाशिकला राहवेना. “काका, तशी अट घातली तर ते ओपन सोर्स राहत नाही. व्याख्येतला पाचवा मुद्दा आहे, कुठल्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करायचा नाही.”

“पंधरा वर्षं जमीन तो अडवून बसलाय,” सेक्रेटरी म्हणाले, “आणि भेदभाव मी करतोय?”

विषय पुढच्या सभेवर गेला. दरम्यान सेक्रेटरींनी माझ्याकडून जीपीएलची छापील प्रत वाचायला नेली. इतिवृत्त लिहायची सवय असलेल्या माणसाला पाच हजार शब्द म्हणजे काही नाही. परवा जिन्यात भेटले, तर प्रतीत पेन्सिलीने खुणा केलेल्या.

“मॅडम, कलम आठ पाहिलंत? पहिल्यांदा अट मोडली तर नोटिशीपासून तीस दिवसांत सुधारायची सवलत दिली आहे.”

“हो, पाहिलं.”

“आपल्या ठरावात ती नको.”